दोन डाव्या बाह्या

“हलू नकोस गं. तोंडात टाचण्या आहेत माझ्या.”

आईचा आवाज थोरलीच्या कानात राहिला तो असा, मिटल्या ओठांच्या एका कोपऱ्यातून निसटलेला, अर्धा शब्द आणि अर्धा श्वास. चाळीस वर्षं झाली. खिडकीपाशी मशीन, मशीनपाशी लाकडी स्टूल, स्टुलावर दोघी बहिणींपैकी एक उभी आणि आई तिच्याभोवती गुडघ्यांवर फिरते आहे. ओठांत सात-आठ टाचण्या, डोकी बाहेर, टोकं आत. खांद्याला एक बोट लागलं की वळायचं, दोन बोटं लागली की हात वर करायचे. पुष्कळ दिवस थोरलीला वाटायचं की आया अशाच बोलतात, दात न उघडता. दुसऱ्यांच्या घरी गेलं की तिथल्या बायका तोंड भरून हसायच्या, ओरडायच्या, आणि हिला भीती वाटायची, आता यांच्या तोंडातून काहीतरी सांडणार आणि कुणाच्या तरी पायात जाणार.

रविवारी सकाळी साडेदहाला, जेवणाच्या टेबलावर नुकत्या कापलेल्या दोन बाह्या शेजारी शेजारी मांडल्यावर, तिला तोच आवाज ऐकू आला आणि ती खरोखरच हलेनाशी झाली. दोन्ही बाह्या डाव्या होत्या.

तिनं त्या उचलल्या, फिरवल्या, पुन्हा ठेवल्या. असं तिच्या हातून आजवर झालं नव्हतं. बाह्या बेतायच्या म्हणजे कापडाची दुहेरी घडी घालायची, वर कागद ठेवायचा आणि एकदाच कात्री चालवायची; खालची बाही वरच्या बाहीची आरशातली बहीण होऊन आपोआप निघते. शिकाऊ पोरीसुद्धा यात चुकत नाहीत. पण इथे घडी घालायला कापड नव्हतं, आणि दोन हात सारखे नव्हते. ऑपरेशननंतर धाकटीचा उजवा हात सुजला होता. काखेतल्या गाठी काढल्या की हातातलं पाणी उतरत नाही म्हणे. दंडाला दीड इंच जास्त, मनगटाला पाऊण. म्हणून थोरलीनं एकाच बाहीवरून दोन कागद काढले होते, एक बारीक, एक रुंद, आणि एकेरी कापडावर कोपऱ्या-कोपऱ्यात अडकवत एकेक कापली होती. रुंद कागद पालथा ठेवायचा होता, म्हणजे ती बाही उजवी झाली असती. तो तिनं उताणाच ठेवला. त्यावर तिच्याच अक्षरात ‘उजवा’ लिहिलं होतं, आणि लिहिलेलं वर असलेलं डोळ्यांना बरं वाटतं. बाहीला पुढची बाजू असते आणि मागची असते. पुढची गोलाई खोल, मागची भरीव. उलट लावली तर हात पुढे घेतल्याबरोबर पाठीत ओढ बसते. आता टेबलावर एक डावी बाही होती बारीक हाताची आणि एक डावी बाही सुजलेल्या हाताची. आणि कापड संपल्यात जमा होतं. पुढचा भाग अजून कापायचा होता, तो ती तीन दिवस टाळत आली होती, आणि त्याच्यासाठी ठेवलेला तुकडा सोडला तर बाकी होत्या त्या चिंध्या.

दीड मीटर कापड, छत्तीस इंची पन्ह्याचं. जुन्या तांब्याचा रंग, एका अंगानं चकचकीत, दुसऱ्या अंगानं मंद, ओल्या मातीसारखा. ते आणलं होतं धाकटीनं. तीन आठवड्यांपूर्वी, सगळे उपचार संपल्यावर पहिल्यांदाच ती एकटी बाजारात गेली आणि दुकानाच्या दाराशी उरल्यासुरल्या तुकड्यांची टोपली असते ना, तिच्यात कोपरापर्यंत हात घालून हे बाहेर काढलं. थोरलीनं सांगून पाहिलं होतं की याच्यात फार तर ब्लाउज होईल, लांब बाह्यांचा ड्रेस होणार नाही, दुसरं घेऊ. धाकटी म्हणाली, आईनं याच्यात दोन फ्रॉक बसवले असते. थोरली म्हणाली, आईच्या वेळी आपण दोघी मिळून एका उशीएवढ्या होतो. त्यावर धाकटी हसली, आणि हसता हसता कापड तिनं छातीशी धरलं ते तसंच धरून ठेवलं. हेच, म्हणाली. नाहीतर मी सोमवारी तुझा खिडकीचा पडदा गुंडाळून शाळेत जाईन, आणि पोरांना सांगेन की ताईनं शिवलाय.

उद्याच तो सोमवार होता. अकरा महिन्यांनी ती वर्गात उभी राहणार होती, चाळीस पोरांसमोर, फळ्याकडे पाठ आणि पोरांकडे छाती करून. डोक्यावर नुकत्या उगवलेल्या केसांची कोंबडीच्या पिल्लासारखी लव. दवाखान्यातून मऊ गादीसारखी एक वस्तू दिली होती, आतून घालायची, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या दिसतात. ती तिनं कपाटाच्या खणात मोज्यांखाली ठेवून दिली. “गणिताची बाई आहे मी,” म्हणाली. “दोनातून एक गेला की एकच दाखवणार. हातचा घेऊन बसणार नाही.” बोलायची असं, पण आरशासमोरून जाताना उजवा खांदा पुढे काढून, दप्तर छातीशी धरल्यासारखी जायची. ते थोरलीनं पाहिलं होतं. म्हणून तो ड्रेस नीट व्हायला हवा होता. खोटं काही न घालता, काही न लपवल्यासारखा दिसून, लपवणारा.

धाकटीला घरात गुंडी म्हणायचे. जन्मली तीच गोल, चपटी, चकचकीत, आणि आई म्हणाली, ही बघ, तुटून पडलेली गुंडी सापडली. शाळेत पोरांनी त्याचं गुंड केलं तेव्हा तिनं दोघांना बदडून ते नाव सार्थ करून दाखवलं. आई बायकांचे कपडे शिवायची, त्यांच्या कापडातून उरलेल्या पट्ट्या न्याय्य मार्गानं घरात राहायच्या, आणि त्या पट्ट्यांचे दोघींना कपडे व्हायचे. एक बाही हिरवी, एक निळी, कॉलर तिसऱ्याच बाईच्या ड्रेसची. रस्त्यात ती बाई भेटली की गुंडी तिच्या पोटाकडे बोट दाखवून म्हणायची, ही माझी कॉलर. आई शिवताना पुटपुटायची, मशीनच्या पायट्याच्या ठेक्यावर, सुई बाई सुई, सरळ पुढे जा, गाठ मारायला मागे फिरून ये. आणि टीप संपली की चाक उलटं फिरवून दोन टाके मागे घ्यायची. गुंडीला ते ऐकता ऐकता झोप लागायची. थोरलीला लागायची नाही. ती दोन टाके मागे येण्याची वाट बघत जागी राहायची.

आताही तशीच वाट बघत असल्यासारखी ती टेबलापाशी उभी होती. गुंडी चार वाजता फिटिंगला येणार होती. आणि थोरलीनं मनाशी ठरवून ठेवलं होतं की ड्रेस तिच्या अंगावर चढवायच्या आधी तिला सांगायचं. आज. यापुढे नाही ढकलायचं. अकरा महिने ते तिनं गिळून ठेवलं होतं. दवाखान्याच्या बाकावर, घरी सूप पाजताना, गळालेले केस उशीवरून वेचून कागदात बांधताना. दर वेळी जिभेवर यायचं आणि दर वेळी ती विचारायची, पाणी देऊ का.

ते घडलं होतं याच खोलीत, वीस महिन्यांपूर्वी. राखाडी ब्लाउज होता, शाळेतल्या कसल्याशा समारंभासाठी. गुंडी दोन्ही हात डोक्यावर धरून उभी होती आणि कुणा पोरानं भागाकार कसा केला ते सांगत होती, बाकी खाऊन टाकली म्हणे त्यानं, उत्तरात लिहिलं, बाकी काही नाही. सांगताना स्वतःच हसत होती आणि हसली की बरगड्या हलायच्या, कापड सुटायचं. थोरली काखेखालचा टक, छातीला आकार देणारी दुमड, चिमटीत धरत होती. आणि अंगठ्याला काहीतरी लागलं. वाटाण्याएवढं. कापडाबरोबर सरकेना, चिमटी हलवली तरी जागचं हलेना. शिवणीची गाठ नव्हती. तिथे शिवण नव्हतीच. हात थांबला. किती वेळ? एका श्वासाएवढा, फार तर दोन. तिच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून हातावर घ्यायच्या आणि बोलायचं, एवढंच होतं. पण गुंडी हसत होती, आणि बऱ्याच महिन्यांनी हसत होती. आईच्या घराच्या वाटपावरून दोघींत अबोला झाला होता, तो नुकता मोडला होता. आणि हे बोललं की या खोलीतली हवा बदलणार होती. उद्या फोन करून सांगू, असं तिला वाटलं. पुढच्या फिटिंगला पुन्हा हात लावून बघू. मग तिनं टाचणी टोचली आणि गुंडीला खांद्याला बोट लावून वळवलं. दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा गुंडी घाईत होती. पुढचं फिटिंग लागलंच नाही, ब्लाउज पहिल्याच झटक्यात बसला.

असं का झालं, याचं उत्तर ती पुष्कळदा शोधायची आणि प्रत्येक वेळी तिला ती दुसरी खोली दिसायची. तिची नोकरी कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात होती, मागच्या मापाच्या खोलीत. तीन बाजूंना आरसे, मध्ये बुटका चौथरा, भिंतीला टेप टांगलेले. सव्वीस वर्षं ती अनोळखी माणसांच्या पायांशी बसून त्यांच्या कडा वर घेत होती. नवी होती तेव्हा एका बाईच्या स्कर्टचं माप घेताना तिला दिसलं की कमरेची एक बाजू दुसरीपेक्षा वर आहे, आणि ती साधेपणानं बोलून गेली, तुमचा एक पाय आखूड आहे का हो? बाई चौथऱ्यावरून उतरून तडक बाहेर गेली. मग त्या खोलीवर देखरेख करणारी, जिला सगळ्या मोठ्या बाई म्हणत, तिनं हिला बाजूला घेतलं. रागावली नाही. शांतपणे म्हणाली, “हे बघ, आपण माप घेतो. अंग वाचत नाही. अंगावर काय दिसलं ते चिठ्ठीत लिहायचं, कडेला कमी, कडेला जास्त. तोंडानं नाही.” आणि थोरली शिकली. फार लवकर शिकली. महिन्यागणिक कंबर वाढत जाणाऱ्या बिनलग्नाच्या मुली आल्या, तिनं माया सोडली, म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवलं, पुढे उसवून वाढवता यावं म्हणून. एका बाईच्या पाठीवर पट्ट्याचे वळ होते. तिनं गळा दीड इंच वर घेतला. ती बाई आरशात बघून ‘थँक यू’ म्हणाली आणि दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. याला ती आपलं कसब समजत होती. दुकानात नव्या मुलींना मोठ्या बाई सांगायच्या, हिच्याकडून शिका, हिच्या हाताला डोळे आहेत आणि तोंडाला कुलूप.

डोळे आहेत आणि तोंडाला कुलूप. तेव्हा केवढी फुशारली होती ती.

मग तो दवाखान्यातला दिवस. गुंडीला आत तपासायला नेलं होतं, बाहेर थोरली आणि मेहुणे. मेहुण्यांच्या मांडीवर गुंडीची पर्स, ती दोन्ही हातांनी धरून ते बसलेले, जणू तीच पळून जाईल. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. वयानं लहान, दमलेल्या. काय काय करावं लागेल ते सांगितलं, आणि जाता जाता, वाईट हेतूनं नाही, खरंच जाता जाता, म्हणाल्या, सहा-आठ महिने आधी आल्या असत्या तर गोष्ट वेगळी होती. मेहुणे म्हणाले, तिला स्वतःलाच कळलं नव्हतं ना. थोरलीनं तेव्हा समोरच्या भिंतीवरच्या फरशा मोजल्या. उभ्या अकरा. आडव्या, दारामुळे मध्येच तुटल्या होत्या, त्या मोजता येईनात. नऊ महिने झाले होते त्या अंगठ्याला. ते तिला मोजावं लागलं नाही.

उपचार झाले. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी. त्यात काय निघेल हे कुणीच बोलत नव्हतं. नुसतं ‘पुढचा महिना’ म्हटलं की सगळे बशीकडे बघायचे. म्हणजे वेळ असा आपल्याकडे किती आहे हेही ठाऊक नाही, आणि न सांगता ती गेली तर? या ‘तर’पाशी थोरलीचं मन दर वेळी बंद दारावर आदळावं तसं आदळायचं. सांगितलं तर गुंडी आपल्याला टाकेल, हे तिला दिसत होतं. जन्मभराची बहीण एका वाक्यात जाईल. न सांगितलं तर गुंडी शेवटपर्यंत आपल्या हातचं सूप पिईल, आपल्या हातचा ड्रेस घालेल, ताई होती म्हणून निभावलं असं सगळ्यांना सांगत फिरेल. ती सांगतही होती. परवाच शेजारणीला म्हणाली, माझ्या ताईच्या हाताला गुण आहे. ते ऐकून थोरली स्वयंपाकघरात गेली होती आणि नळ सोडून उभी राहिली होती.

टेबलावरच्या बाह्यांकडे ती किती वेळ बघत होती कोण जाणे. घड्याळात अकरा वाजून गेले. मग हातांनीच काहीतरी ठरवलं असावं. तिनं रुंद बाही उचलली आणि उलटी केली. आतली बाजू बाहेर. चकाकी आत गेली, ओल्या मातीसारखा मंद रंग वर आला, आणि बाही उजवी झाली. अर्थात झालीच, उलटी केली की होणारच. पण एक बाही चकचकीत आणि एक मंद म्हणजे आंधळ्यानं शिवल्यासारखं. ती ते उजेडात धरून बघत राहिली. चकचकीत कापड उजेड परत फेकतं; त्यावर जरा खळगा असला तरी सावली पडते, चुगली होते. मंद कापड उजेड पिऊन टाकतं. त्याच्याखाली काय आहे, काय नाही, ते बाहेर येत नाही. आणि मग तिला पुढचा भाग दिसला, तीन दिवस न दिसलेला, सबंध. उजव्या खांद्यापासून निघून छातीवरून तिरपी खाली डाव्या कमरेला जाणारी एक शिवण. शिवणीच्या उजवीकडचं सगळं उलट्या बाजूचं, मंद, बाहीसकट एकाच छायेत. डावीकडचं चकचकीत. बघणाऱ्याची नजर उजळ भागावर येईल आणि त्या तिरप्या रेघेवरून घसरत कमरेला जाईल. वाटेत थांबणार नाही. शिवणीत उजव्या अंगाला चार बारीक चुण्या घ्यायच्या, म्हणजे जिथे काही नाही तिथे कापड स्वतःच थोडं उभं राहील.

तिरपं कापायला कापड जास्त लागतं. ते नव्हतं. तिनं खालची दुमड काढून टाकली, तिथे आतून जुन्या अस्तराची पट्टी लावायची ठरवली. डाव्या कमरेपाशी दोन बोटं कमी पडत होती; तिथे तुकडा जोडला, जोड पट्ट्याखाली जाईल असा बेतला. कात्री चालवताना श्वास रोखलेला, आणि आश्चर्य म्हणजे तिला बरं वाटत होतं. याची तिला लाज वाटली. चुकून कापलेल्या बाहीतून असं काही निघतंय याचा हातांना आनंद झाला होता. हातांना काय, त्यांना कशाचंच काही नसतं. ती जेवली नाही. कच्चा धावदोरा घालत गेली, खांदे, बगला, मुंढे. साडेतीनला ड्रेस खुर्चीच्या पाठीवर टांगलेला होता आणि त्याच्यात कुणीतरी आत्ताच बसून उठून गेल्यासारखा दिसत होता.

चार वाजता मेहुण्यांनी गुंडीला खाली सोडलं. जिना चढून आल्यावर ती दारात चौकटीला धरून उभी राहिली, दम जाईपर्यंत, आणि दम लागला आहे हे कळू नये म्हणून दाराच्या घंटीची चौकशी करत राहिली, की ही अजून तशीच कण्हते का. थोरलीनं चहा ठेवला. चहा पिऊन झाला की सांगू. चहा झाला. गुंडी उद्याच्या वेळापत्रकाविषयी बोलत होती, पहिलाच तास सातवीचा, ती पोरं म्हणजे माकडं, एकानं पत्र पाठवलंय की बाई तुम्ही नव्हतात तर आम्हाला गणित आवडायला लागलं होतं. थोरलीनं कप विसळले. आता सांगू. तिनं वळून पाहिलं तर गुंडीनं स्वेटर डोक्यातून काढलाही होता, आणि ती खोलीच्या मध्यभागी उभी होती, डावीकडे तीच जुनी गुंडी आणि उजवीकडे एक लांब, गुलाबी, अजून ताजी वाटणारी शिवण. कुणा परक्याच्या हातची. बारीक टाके, सारख्या अंतरावर. थोरली ती पहिल्यांदाच पाहत नव्हती, पण उभ्यानं, दिवसाच्या उजेडात, शिवण म्हणून आजच पाहिली. तिनं घाईनं ड्रेस उचलला आणि तिच्या डोक्यावरून सोडला.

सांगायचं राहिलंच.

तिनं आधी सुजलेला हात बाहीत घातला, हळूच, मनगट धरून, लहान मुलाचा घालावा तसा. खांदे बसवले. पट्टा बांधला. मग मागे सरली. कपाटाच्या आरशात गुंडी होती, आणि ती सरळ उभी होती. खांदा पुढे काढलेला नव्हता. तांब्याचा उजळ रंग डाव्या गालावर चढला होता, आणि तिरपी रेघ छातीवरून इतक्या सहज गेली होती की तिथे कधी काही झालंच नसावं. गुंडीनं उजवीकडे वळून पाहिलं, डावीकडे वळून पाहिलं. हात वर केला, फळ्यावर लिहिल्यासारखा. बाही ओढली नाही.

“अगं,” ती म्हणाली आणि मंद बाजूवरून बोट फिरवलं. मग विचारलं, हे उलट्या बाजूचं मुद्दाम ना? थोरलीनं खरं ते सांगितलं, की चुकून दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या. गुंडी इतकी हसली की तिला खुर्चीची पाठ धरावी लागली. सव्वीस वर्षं नोकरी, आणि दोन डाव्या बाह्या. आईनं ऐकलं असतं तर टेपनं मारलं असतं, उद्या स्टाफरूममध्ये हेच सांगते सगळ्यांना. हसता हसता तिनं डोळे पुसले आणि पुन्हा आरशात पाहिलं, आणि अगदी हलक्या, सुखी आवाजात म्हणाली, “कुणाला कळायचंसुद्धा नाही, ताई.”

थोरली खाली बसली होती, कडेचं माप घ्यायला. तिच्या हातात खडू होता. जमिनीपासून किती इंच ते मोजून खूण करायची, एवढंच काम उरलं होतं. तिनं एक खूण केली. दुसरी करायला गेली तर खडू कापडाला लागेना. खोलीभर तेच एक वाक्य पसरलं होतं आणि तिला ते दिसत होतं, हिरव्या-निळ्या पट्ट्यांच्या फ्रॉकपासून आतापर्यंत, कमरा, पाठी, वळ, सगळ्यांवरून तिनं स्वतःच्या हातांनी अंथरत आणलेलं. कुणाला कळायचं नाही. तिनं खडू जमिनीवर ठेवला. गुंडीच्या पावलांकडे बघत, वर न बघता, तिनं सांगितलं.

“मला लागली होती ती गाठ. तो राखाडी ब्लाउज शिवला तेव्हा. तुझ्या काखेखाली, अंगठ्याला. मला कळलं होतं ते काय असेल. आणि मी बोलले नाही.”

समोरची पावलं हलली नाहीत. डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख औषधांनी काळं पडलेलं, त्याच्या मुळाशी नवं नख अर्ध्या चंद्राएवढं आलं होतं. रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. थोरलीला वाटलं, आता ही ड्रेस काढेल. टाके कच्चे आहेत, जोरात ओढला तर एका झटक्यात उसवेल.

“ऊठ,” गुंडी म्हणाली. “तिथे बसून नको बोलूस.”

ती उठली नाही. मग गुंडीच खाली बसली, तो न संपलेला ड्रेस गुडघ्यांभोवती गोळा करून, सुजलेला हात मांडीवर आडवा ठेवून. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. थोरलीनं अकरा महिने ज्या ज्या चेहऱ्याची कल्पना केली होती त्यातला तो एकही नव्हता. गुंडी दचकलेली दिसत होती, जणू काही तिलाच कुणी पकडलं होतं.

“त्या ब्लाउजचा टक तू अर्धा इंच खाली घेतला होतास,” ती म्हणाली. “उजव्या बाजूचा, तेवढाच. माहीत आहे तुला?”

थोरलीला माहीत नव्हतं. तिनं मान हलवली. टाचणी टोचल्याचं तिला आठवत होतं, कुठे ते नाही.

“घरी जाऊन घातला तेव्हा आरशात दिसला मला. दोन टक वर-खाली. मी म्हटलं, ताईच्या हातून असं होणार नाही, काहीतरी चुकवलंय तिनं, शिवण तिथे घासू नये म्हणून. आईचीच मुलगी आहे ना मीपण. तिथे बोट लावून बघितलं.” चकचकीत बाजूच्या कापडावरून तिनं हात फिरवला, एकदा, खालपर्यंत. “लागली. तेव्हाच लागली, ताई. त्याच दिवशी. डॉक्टरांना, ह्यांना, सगळ्यांना मी सांगितलं की मला कळलंच नाही. कळलं होतं. पण मी म्हटलं, ताईच्या हाताला लागलीय आणि ताई काही बोलली नाही, म्हणजे ते काही नसणार. असतं तर ती बोलली असती. नऊ महिने मी रोज हेच म्हणत होते. तू बोलली नाहीस म्हणून मी गेले नाही. हे मला कुणाला म्हणून सांगायचं नव्हतं. तुला तर नाहीच.”